जैव विक्रियकातील संवेदक

जैव विक्रियकातील संवेदक : सूक्ष्मजीव अथवा प्राणी व वनस्पती यांच्या कोशिका (पेशी) यांच्याकरवी औषधे, लसी, एंझाइमे, कार्बनी अम्ले इ. पदार्थ तयार करण्यासाठी वापरण्यात येणाऱ्या बंद पात्राला जैव विक्रियक म्हणतात. या पात्रातील तापमान, अम्लता, विरघळलेला ऑक्सिजन, कोशिकांचे प्रमाण, साखरेची संहती यांसारख्या राशींचे प्रक्रिया न थांबविता व पात्र न उघडता मापन करून ते विद्युत् संकेताच्या रूपात देणाऱ्या साधनांना जैव विक्रियकातील संवेदक असे म्हणतात. या संकेतावरून नियंत्रक यंत्रणा हवा, शीतक पाणी, अम्ल, क्षारक (अल्कली) किंवा पोषक द्रव्य यांचा पुरवठा कमीजास्त करते.

सामान्य रासायनिक विक्रियकातील उत्प्रेरक निर्जीव असतो. जैव विक्रियकात मात्र हे कार्य जिवंत कोशिका करतात आणि सभोवतालच्या परिस्थितीत थोडा बदल झाला तरी त्यांचे वर्तन बदलते. उदा., यीस्टला हवा भरपूर असूनही साखर जास्त मिळाली, तर त्यापासून नवीन कोशिका कमी व एथिल अल्कोहॉल जास्त बनते. पेनिसिलिनाची बुरशी ग्लुकोजाच्या सुकाळात जोमाने वाढते, परंतु पेनिसिलीन फारसे बनवीत नाही. एकाच पात्रात, त्याच कच्च्या मालापासून आणि त्याच जीवापासून कोणता पदार्थ किती मिळेल, हे अशा रीतीने पात्रातील क्षणोक्षणीच्या परिस्थितीवर अवलंबून असते. ती परिस्थिती डोळ्यांना दिसत नाही व बाह्य जंतूंचा शिरकाव होण्याच्या धोक्यामुळे पात्र उघडूनही पाहता येत नाही. म्हणून प्रक्रियेचे ज्ञान संवेदकाकडूनच मिळवावे लागते. तथापि बहुतेक संवेदक कोशिकांचे वा इष्ट पदार्थाचे मापन न करता कोशिकांच्या परिसराचे मापन करतात. कोशिकांत काय चालले आहे, याचे त्यावरून अनुमानच करावे लागते. या तंत्राचे सामर्थ्य व त्याच्या मर्यादा या दोन्ही गोष्टी येथूनच उद्‌भवतात.

ऐतिहासिक आढावा : किण्वनाचे (आंबविण्याच्या क्रियेचे) नियंत्रण प्रथम मद्यनिर्मितीत करण्यात आले व त्यासाठी तापमापक आणि द्रवाची घनता मोजणारा तरकाटा ही दोनच साधने दीर्घकाळ वापरात होती [⟶ किण्वन]. अम्लता मोजण्याचा पायाही याच व्यवसायाच्या आश्रयाने घातला गेला. कोपनहेगन येथील कार्ल्सबर्ग या बिअर उत्पादकांच्या प्रयोगशाळेत एंझाइमांच्या क्रियांचा अभ्यास करीत असताना डॅनिश रसायनशास्त्रज्ञ एस. पी. एल. सोरेन्सन यांनी १९०९ मध्ये पीएच मूल्याची कल्पना मांडली. काचेच्या पातळ पटलाच्या दोन बाजूंस असलेल्या विद्रावांची अम्लता भिन्न असल्यास पटलावर विद्युत् दाब निर्माण होतो, हे माक्स क्रेमर यांना १९०६ मध्ये आढळले होते. त्याचा पद्धतशीर अभ्यास फ्रिट्झ हाबर व झेड्. क्लेमेन्सीविट्स यांनी १९०९ मध्ये प्रसिद्ध केला. अमेरिकेत आर्नल्ड बेकमन यांनी लिंबूवर्गीय फळांच्या रसाची अम्लता मोजण्यासाठी १९३४ च्या सुमारास काचेचे विद्युत् अग्र व निर्वात नलिकांचा विवर्धक यांची जोड देऊन सुटसुटीत उपकरण तयार केले.

दुसऱ्या महायुद्धात पेनिसिलिनाची मागणी वाढल्यावर अमेरिकेतील पिओरिया येथील प्रयोगशाळेच्या संशोधनातून खोल टाक्यांत हवा सोडून बुरशी वाढविण्याची पद्धत पुढे आली. उथळ बाटल्यांऐवजी हजारो लिटरांच्या टाक्या आल्या आणि त्यांतील ऑक्सिजनाचा पुरवठा हा कळीचा प्रश्न बनला. भारतात पुण्याजवळील पिंपरी येथे १९५४ मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स या सरकारी कंपनीच्या कारखान्यात हेच तंत्र वापरण्यात आले. अमेरिकन जीवरसायनशास्त्रज्ञ एल. सी. क्लार्क यांनी रक्तातील ऑक्सिजन मोजण्यासाठी तयार केलेले पटलयुक्त विद्युत् अग्र १९५६ मध्ये प्रसिद्ध झाले. वाफेच्या उष्णतेत टिकणाऱ्या ऑक्सिजन संवेदकांचे वर्णन एम. जे. जॉन्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६४ मध्ये केले. त्यानंतर किण्वन टाक्यांतील ऑक्सिजनाचे सलग मापन व्यवहार्य झाले. जननिक अभियांत्रिकीने तयार केलेल्या मानवी इन्शुलिनाला १९८२ मध्ये मान्यता मिळाल्यावर प्रथिनरूप औषधांचा काळ सुरू झाला व संवेदकांकडून असलेल्या अपेक्षा वाढल्या.

संवेदकाला आवश्यक असलेले गुणधर्म : प्रत्येक घाण्याच्या (एका वेळी चढविलेल्या मालाच्या) आरंभी पात्र व त्यात बसविलेले संवेदक सु. १२१° से. तापमानाच्या वाफेने २० ते ३० मिनिटे निर्जंतुक करतात. संवेदक ही उष्णता सोसणारा हवा व तीनंतरही त्याचे अंशांकन (वाचनांक व खरे मूल्य यांचा ठरविलेला संबंध) टिकले पाहिजे. त्याच्या सांध्यांत जंतू दडण्यास फट नसावी. त्यातून कोणतेही द्रव्य पात्रात झिरपू नये. कोशिका, प्रथिने व फेसनाशक तेल यांचे थर चढूनही त्याचे वाचन फारसे बदलू नये. सूक्ष्मजंतूंचा घाणा एकदोन दिवसांत आटोपतो, परंतु प्राणिकोशिकांचा दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ चालतो व तेवढ्या अवधीत संवेदक बाहेर काढून दुरुस्त करता येत नाही.

संवेदकाची जागा तीन प्रकारची असू शकते : (१) प्रत्यक्ष पात्रात, (२) पात्रातून द्रव बाहेर नेणाऱ्या निर्जंतुक उपमार्गावर, (३) नमुना काढून प्रयोगशाळेत. पहिल्या प्रकारात माहिती तत्काळ मिळते, परंतु मोजता येणाऱ्या राशी मोजक्याच असतात. तिसऱ्या प्रकारात जवळजवळ काहीही मोजता येते; मात्र उत्तर हाती येईपर्यंत पात्रातील परिस्थिती बदललेली असते.

भौतिक राशींचे मापन : तापमानासाठी प्लॅटिनमाचा रोध-तापमापक वापरतात. त्याचा रोध ०° से. ला १०० ओहम व १००° से. ला सु. १३८·५ ओहम असून तो दीर्घकाळ स्थिर राहतो. वाढणाऱ्या कोशिका स्वतः उष्णता निर्माण करतात, त्यामुळे मोठ्या टाकीत तापविण्यापेक्षा थंड करण्याचा प्रश्न अधिक बिकट असतो. दाबमापकाच्या साहाय्याने पात्रातील दाब बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त राखतात. त्यामुळे एखादी फट राहिलीच, तर प्रवाह आतून बाहेर होतो व जंतूंचा प्रवेश टळतो. फेस वर चढला की, विद्युत् संवाहकतेवर चालणारी सळई त्याची सूचना देते व फेसनाशकाचे काही थेंब सोडले जातात. यांशिवाय पात्राचे वजन, ढवळकाला लागणारी शक्ती आणि हवेचा प्रवाह यांचीही सतत नोंद ठेवतात.

पीएच मूल्य : यासाठी काचेचे विद्युत् अग्र अद्यापही सर्वाधिक वापरात आहे. पीएच मूल्यातील एका एककाच्या फरकामुळे २५° से. ला सु. ५९ व ३७° से. ला सु. ६१·५ मिलिव्होल्ट इतका दाब निर्माण होतो. प्राणिकोशिकांसाठी पीएच मूल्य साधारणतः ७ च्या आसपास अरुंद मर्यादेत ठेवावे लागते; म्हणजे ०·१ इतका फरक ओळखण्यासाठी सु. ६ मिलिव्होल्ट बदल विश्वासाने मोजला पाहिजे. या अग्रासोबत स्थिर दाब देणारे संदर्भ अग्र असते व त्याचा पात्रातील द्रवाशी संपर्क सच्छिद्र चकतीतून होतो. ही चकती प्रथिनांनी किंवा सिल्व्हर सल्फाइडाच्या साक्याने बुजणे हा नेहमीचा दोष होय. पीएच नियंत्रणातून अप्रत्यक्ष माहितीही मिळते : अमोनिया वापरून वाढणारे सूक्ष्मजंतू द्रव अम्लीय करतात, म्हणून ते उदासीन करण्यास लागलेल्या अमोनियाच्या एकूण मात्रेवरून वाढ किती झाली याचा अंदाज बांधता येतो.

विरघळलेला ऑक्सिजन : ऑक्सिजन पाण्यात फारच थोडा विरघळतो. ३०° से. तापमानास हवेच्या सान्निध्यातील एक लिटर शुद्ध पाण्यात तो सु. ७·५ मिग्रॅ. असतो. दाट वाढलेले सूक्ष्मजंतू दर लिटरमागे तासाला ३ ग्रॅ. च्या आसपास ऑक्सिजन वापरू शकतात. म्हणजे हवा बंद पडल्यास पात्रातील सर्व साठा सु. ९ सेकंदांत संपेल. साखरेचा साठा तासन्‌तास पुरतो, ऑक्सिजनाचा मात्र काही सेकंदच पुरतो. म्हणून त्याचे मापन सतत करावे लागते.

क्लार्क अग्रात प्लॅटिनमाचे ऋणाग्र, चांदीचे धनाग्र व त्यांमधील विद्युत् विच्छेद्य यांवर वायू पार जाऊ शकेल असे प्लॅस्टिकचे पातळ पटल ताणलेले असते. पटलातून आत आलेल्या ऑक्सिजनाचे ऋणाग्रावर क्षपण होते व त्यामुळे मिळणारा प्रवाह ऑक्सिजनाच्या आंशिक दाबाच्या प्रमाणात असतो. हे अग्र विरघळलेल्या ऑक्सिजनाची संहती न मोजता आंशिक दाब मोजते, हे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. द्रवात लवणे व साखर जास्त असल्यास तेवढ्याच आंशिक दाबाला संहती कमी असते. शिवाय वाफ सोसण्यासाठी पटल जाड घ्यावे लागते, त्यामुळे प्रतिसादाला अर्धा मिनिट वा अधिक वेळ लागतो. वरील ९ सेकंदांशी तुलना केल्यास ही मर्यादा स्पष्ट होते. उंच टाकीत आणखी एक अडचण येते. द्रवाच्या १० मी. उंच स्तंभामुळे तळाशी सु. एक वातावरण इतका जादा दाब असतो व तेथे ऑक्सिजन अधिक विरघळतो; संवेदक मात्र त्याच्या लगतच्या द्रवाविषयीच सांगतो.

प्रकाशीय पद्धतीच्या संवेदकात विशिष्ट रंजकाचा पातळ थर प्रकाशाने उद्दीपित करतात. या रंजकाची दीप्ती ऑक्सिजनाच्या उपस्थितीत मंद होते व लवकर विझते. दीप्ती टिकण्याचा काल मोजून ऑक्सिजनाचा आंशिक दाब काढता येतो. यात ऑक्सिजन खर्च होत नाही, विद्युत् विच्छेद्य भरावा लागत नाही व थरावर पात्राबाहेरून प्रकाशीय तंतूने लक्ष ठेवता येते. एकदाच वापरून टाकून देण्याच्या प्लॅस्टिकच्या पिशवीवजा विक्रियकांत (यांचे निर्जंतुकीकरण गॅमा किरणांनी आधीच केलेले असते) अशी चकती पिशवीच्या आतील बाजूस चिकटविलेली असते.

कार्बन डाय-ऑक्साइड व निर्गमी वायू : जे. डब्ल्यू. सेव्हरिंगहाउस व ए. एफ. ब्रॅड्ली यांनी १९५८ मध्ये वर्णन केलेल्या अग्रात पटलातून आलेला कार्बन डाय-ऑक्साइड बायकार्बोनेट विद्रावाचे पीएच मूल्य बदलतो व तो बदल काचेच्या अग्राने मोजतात. प्राणिकोशिकांच्या मोठ्या पात्रांत या वायूचा संचय वाढीस बाधक ठरत असल्याने हे मापन महत्त्वाचे आहे.

पात्रातून बाहेर पडणाऱ्या वायूचे विश्लेषण हा सर्वांत उपयुक्त उपायांपैकी एक आहे, कारण त्यात संवेदक पात्रात ठेवावाच लागत नाही. ऑक्सिजन समचुंबकीय असल्याने तो चुंबकीय क्षेत्राकडे ओढला जातो. या गुणधर्मावर आधारलेले मापक लायनस पॉलिंग यांनी १९४० मध्ये तयार केले. कार्बन डाय-ऑक्साइड अवरक्त (दृश्य वर्णपटातील तांबड्या रंगाच्या अलीकडील, अदृश्य) किरणांच्या शोषणावरून मोजतात. द्रव्यमान वर्णपटमापकाने दोन्ही वायू एकदम मोजता येतात. बाहेर पडणारा कार्बन डाय-ऑक्साइड व वापरला गेलेला ऑक्सिजन यांच्या रेणुसंख्यांच्या गुणोत्तरास श्वसन गुणांक म्हणतात. ग्लुकोजाचे पूर्ण ऑक्सिडीकरण होत असल्यास हा गुणांक १ असतो. यीस्ट अल्कोहॉल बनवू लागले की, ऑक्सिजन न वापरता कार्बन डाय-ऑक्साइड सुटतो व गुणांक १ च्या वर जातो. पावाच्या यीस्टच्या उत्पादनात ही सूचना मिळताच साखरेचा पुरवठा कमी करतात. दोन वायूंच्या मापनावरून कोशिकांनी आपला मार्ग बदलल्याचे असे कळते.

कोशिकांचे प्रमाण : द्रवाचा गढूळपणा प्रकाशाने मोजणे ही सोपी पद्धत आहे, पण तीत जिवंत व मृत कोशिका, हवेचे बुडबुडे आणि न विरघळलेले कण यांत भेद होत नाही. यावर विद्युत् धारणेच्या मापनाने मात करता येते. जिवंत कोशिकेभोवतीचे अखंड पटल विद्युत् निरोधक असते. सु. ०·१ ते १० मेगॅहर्ट्‌झ कंप्रतेच्या क्षेत्रात कोशिकेच्या आतील आयन पटलापाशी जमतात व प्रत्येक कोशिका सूक्ष्म धारित्रासारखी वागते. मृत कोशिकेचे पटल फाटल्याने तिचा या धारणेत वाटा नसतो. सी. एम्. हॅरिस, डी. बी. केल व सहकारी यांनी १९८७ मध्ये या तत्त्वावरील पद्धत प्रसिद्ध केली. दुसरी पद्धत अनुस्फुरणाची होय. कोशिकांतील श्वसनाशी निगडित असलेला एनएडीएच हा सहएंझाइमाचा प्रकार सु. ३४० नॅनोमीटर (मीटरचा अब्जावा भाग) तरंगलांबीचा प्रकाश शोषून सु. ४६० नॅनोमीटरचा प्रकाश देतो. ऑक्सिजन तुटला की एनएडीएच साचतो व दीप्ती वाढते. परिसराऐवजी कोशिकेच्या अंतर्गत स्थितीचा संकेत देणाऱ्या मोजक्या पद्धतींपैकी ही एक आहे. परंतु माध्यमातील इतर द्रव्येही चमकत असल्यामुळे तिच्या वाचनाचा अर्थ लावणे अवघड असते.

साखर व इतर द्रव्ये : एल. सी. क्लार्क व सी. ल्यॉन्स यांनी १९६२ मध्ये विद्युत् अग्रावर ग्लुकोज ऑक्सिडेज या एंझाइमाचा थर देऊन ग्लुकोज मोजण्याची कल्पना मांडली. मधुमेही रुग्णांच्या रक्तशर्करामापकाचा उगम याच कल्पनेत आहे. मात्र एंझाइम हे प्रथिन असल्याने निर्जंतुकीकरणाच्या उष्णतेत नष्ट होते. म्हणून रुग्णाच्या हाती सुलभ झालेले हे साधन वाफेने निर्जंतुक होणाऱ्या पात्रात बसविणे कठीण ठरले व त्याचा उपयोग मुख्यत्वे पात्राबाहेरील विश्लेषकांत होऊ लागला.

अशा प्रसंगी वर्णपटीय पद्धती उपयोगी पडतात. कोलकाता येथे १९२८ मध्ये चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी शोधून काढलेल्या परिणामानुसार रेणूंवरून प्रकीर्णन झालेल्या (विखुरलेल्या) प्रकाशाच्या अल्प भागाची तरंगलांबी बदलते व हा बदल रेणूच्या रचनेवर अवलंबून असतो [⟶ रामन परिणाम]. पाण्याचा रामन वर्णपट क्षीण असल्याने जलीय माध्यमातील ग्लुकोज व लॅक्टिक अम्ल ओळखता येतात. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत ही पद्धत प्राणिकोशिकांच्या उत्पादनात वापरली जाऊ लागली. तथापि अनेक द्रव्यांचे वर्णपट एकमेकांत मिसळलेले असल्यामुळे, प्रयोगशाळेत तपासलेल्या अनेक नमुन्यांच्या आधारे आधी संख्याशास्त्रीय प्रतिमान तयार करावे लागते. कोशिकेचा वाण किंवा माध्यम बदलल्यास ते प्रतिमान पुन्हा तपासावे लागते.

गणिती अनुमान : जी राशी मोजता येत नाही ती मोजता येणाऱ्या राशींवरून संगणकाद्वारे काढण्याच्या पद्धतीस काही वेळा आभासी संवेदक म्हणतात. सी. एल. कूनी व सहकारी यांनी १९७७ मध्ये पावाच्या यीस्टच्या बाबतीत निर्गमी वायू आणि पोषक द्रव्ये यांचा मूलद्रव्यवार जमाखर्च मांडून कोशिकांचे प्रमाण काढण्याची पद्धत प्रसिद्ध केली. पात्रात घातलेला कार्बन कोशिका, कार्बन डाय-ऑक्साइड व उत्पादित पदार्थ यांत कोठे ना कोठे सापडलाच पाहिजे, हे तिचे तत्त्व होय. जमाखर्च जुळला नाही, तर एखादा अनपेक्षित पदार्थ तयार होत असावा किंवा एखादा संवेदक चुकत असावा.

दोष व पडताळणी : संवेदक पूर्णपणे बंद पडणे हा दोष लगेच लक्षात येतो. वाचन हळूहळू सरकत जाणे (अपवहन) हा दोष त्याहून घातक असतो, कारण स्वयंचलित नियंत्रणात तो दडून राहतो. समजा, पीएच अग्राचे वाचन दोन आठवड्यांत ०·२ ने वर सरकले. नियंत्रक त्या वाचनालाच खरे मानून ते ठरावीक मूल्यावर आणतो. नोंदपत्रावर रेषा सरळ दिसते. प्रत्यक्षात पात्रातील द्रव ०·२ ने अधिक अम्लीय झालेला असतो व कोशिका त्या परिस्थितीत राहत असतात. सरळ रेषा हा नियंत्रण चांगले असल्याचा पुरावा असतो, मापन बरोबर असल्याचा नव्हे.

यासाठी नमुना काढून बाहेरील उपकरणाशी तुलना करतात. परंतु या तुलनेतही खबरदारी लागते : नमुना हवेत येताच त्यातील कार्बन डाय-ऑक्साइड निघून जातो व पीएच मूल्य वाढते. उशिरा मोजलेल्या नमुन्यावरून चांगला संवेदक ‘दुरुस्त’ केल्यास नवीच चूक पात्रात शिरते. म्हणून नमुना बंद नळीत घेऊन त्वरित मोजतात. महत्त्वाच्या पात्रांत एकाच राशीसाठी दोन संवेदक बसवितात. त्यांच्यात मतभेद झाल्यास चूक आहे एवढे कळते, परंतु कोणाची आहे हे कळण्यासाठी तिसरा संवेदक अथवा भिन्न तत्त्वावरील पद्धत लागते.

महत्त्व : हजारो लिटरांचा एक घाणा बिघडल्यास होणारे आर्थिक नुकसान मोठे असते, परंतु प्रथिनरूप औषधांच्या बाबतीत प्रश्न केवळ नुकसानीचा नसतो. त्याच कोशिकांनी वेगळ्या परिस्थितीत बनविलेल्या प्रथिनाला जोडलेल्या शर्करांच्या साखळ्या निराळ्या असू शकतात व त्यामुळे औषधाची शरीरातील क्रिया बदलू शकते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००४ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात गुणवत्ता शेवटी तपासून पाहण्याऐवजी प्रक्रियेतच मापन व नियंत्रण करून ती घडवावी, अशी भूमिका घेतली. प्रत्यक्षात या शर्करासाखळ्यांची तपासणी बहुतांशी नमुने काढून प्रयोगशाळेतच करावी लागते. तापमान, अम्लता व ऑक्सिजन यांची मोजणी तत्काळ होते, तर ज्यासाठी हा सर्व खटाटोप केला जातो त्या रेणूची परीक्षा सर्वांत उशिरा होते. हे अंतर कमी करणे हे या क्षेत्रातील संशोधनाचे मुख्य उद्दिष्ट आहे.